१७०९ सालचं सँडविच

९ मार्च १९३६, सोमवार. लंडनच्या कोश-कचेरीतल्या खजिनदारानं वॉल्टर ऑकेंडन यांच्या नावे दोन पौंड, अकरा शिलिंग आणि आठ पेन्स मंजूर केले. थर्ड क्लासचं जाण्यायेण्याचं तिकीट, लीड्समधला एका रात्रीचा मुक्काम आणि वाटेतलं जेवण. सदतीस वर्षांच्या नोकरीत कचेरीनं ऑकेंडनना कुठंही पाठवलं नव्हतं. जे तपासायचं ते आपल्या पायांनी त्यांच्या टेबलावर येत असे. या वेळी मात्र एक चिठ्ठी अशी आली होती, की तिच्या मागं स्वतः जाणं भाग होतं.

"यॉर्कशरला चाललात म्हणे," खजिनदार पैसे मोजता मोजता म्हणाला. "तिकडची माणसं फार सरळ असतात असं ऐकलंय."

"कुणाकडून ऐकलंत?"

"तिकडच्याच एकाकडून."

"मग तपासून बघायला हवं," ऑकेंडन म्हणाले आणि पैसे पुन्हा एकदा मोजून घेतले.

कचेरीचं काम इंग्रजी शब्दांची जन्मपत्रिका मांडण्याचं. कुठला शब्द कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, पुढं काय झाला आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो कागदावर पहिल्यांदा कधी दिसला. त्यासाठी देशभरातले शेकडो हौशी वाचक जुनी पुस्तकं आणि दप्तरं चाळत. पाद्री, शाळामास्तर, पेन्शनीत निघालेले कप्तान, दुकानं चालवणाऱ्या बायका. नजरेत भरलेला शब्द ते सहा इंच लांब, चार इंच रुंद चिठ्ठीवर उतरवून धाडत. चिठ्ठीवर चारच गोष्टी असायच्या: शब्द, तारीख, कुठल्या पुस्तकात सापडला ते, आणि ते वाक्य. या कामाचा मोबदला म्हणजे कोशाच्या खंडात पहिल्या पानांवर बारीक टाइपात छापलेलं आपलं नाव.

थॉर्नबेक गावच्या मिस डॉर्कस हेगार्थ एकतीस वर्षं चिठ्ठ्या पाठवत होत्या. त्यांच्या चार हजार तीनशे ऐंशी चिठ्ठ्या कचेरीत होत्या. फेब्रुवारीत आलेली त्यांची चिठ्ठी अशी:

'सँडविच. १७०९, ऑक्टोबर. थॉर्नबेकच्या वुलपॅक खाणावळीचं रोजचं दप्तर. "गाडीवाल्याला दोन सँडविच आणि बिअर."'

सँडविच नावाच्या गावाच्या उमरावावरून या खाण्याला नाव पडलं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. उमरावाला पत्त्यांचा डाव सोडवेना, म्हणून त्यानं पावाच्या दोन तुकड्यांत मांस घालून आणवलं, ही गोष्टही सगळे सांगतात. पत्त्यांच्या डावावर ऑकेंडनचा विश्वास नव्हता. पण नाव उमरावाचंच आणि कागदावरची पहिली नोंद १७६२ची, हे त्यांनी स्वतः पडताळलं होतं. उमराव जन्मला १७१८ साली. म्हणजे थॉर्नबेकमध्ये त्याच्या जन्माच्या नऊ वर्षं आधीच त्याच्या नावानं बारसं उरकलं होतं.

"चिठ्ठी खरी असेल तर उमराव गेला," मुख्य संपादक डॉ. हॅलम म्हणाले. "खोटी असेल तर बाई गेली."

"उमराव जाणार नाही," ऑकेंडन म्हणाले.

"मग त्यांच्या सगळ्याच चिठ्ठ्या काढाव्या लागतील. नावही. पुरवणी खंड एकतीस मार्चला छापायला जातोय. त्याआधी मला तुमचा लेखी अहवाल हवा."

शितावरून भाताची परीक्षा ही कचेरीची जुनी रीत. एक चिठ्ठी बनावट निघाली, की त्या हातची कुठलीच चिठ्ठी विश्वासाची राहत नाही. ऑकेंडनना ही रीत पटत होती. ती घालून देणाऱ्यांत तेही होते.

हा माणूस असा संशयी कसा झाला, तर त्याचं मूळ गाईच्या मांसात होतं. वडील क्रॉयडनला एका खाटकाच्या दुकानात हिशेब लिहीत. दर रविवारी मांस कापताना ते तीच गोष्ट सांगत. एका राजाला कमरेकडचा तुकडा इतका आवडला, की त्यानं तलवार उपसून त्या तुकड्यालाच 'सर' ही पदवी दिली. म्हणून त्या मांसाचं नाव सरलॉइन. नऊ वर्षांच्या वॉल्टरनं ही गोष्ट वर्गात सांगितली. मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "कुठला राजा? कुठलं साल? कुणी लिहून ठेवलंय?" पोराला तीनपैकी एकही सांगता येईना. तो शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ नुसता 'कमरेच्या वरचा भाग' एवढाच आहे, हे मास्तरांनी फळ्यावर लिहून दाखवलं. वर्ग हसला. त्या दिवसापासून वॉल्टरनं वडिलांच्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. पुढं दुसऱ्या कुणाच्याही ठेवला नाही.

लग्न ठरताना कॉन्स्टन्स त्यांना म्हणाली होती, "तुम्ही फार नाइस आहात." त्यावर त्यांनी तिला सांगितलं, की नाइस या शब्दाचा मूळ अर्थ अडाणी, मूर्ख असा होता, चारशे वर्षं घासून घासून तो चांगला झाला. ती म्हणाली, "मग मी मूळ अर्थानंच म्हटलं असं समजा." चाळीस वर्षांच्या संसारात तिचं एवढं एकच विधान त्यांनी पुरावा न मागता मान्य केलं होतं.

तीस जूनला ते निवृत्त होणार होते. पुरवणी खंडाच्या प्रस्तावनेत डॉ. हॅलमनी एक वाक्य घातलं होतं: 'श्री. ऑकेंडन यांच्या तपासणीतून एकही चूक निसटलेली नाही.' कच्च्या छपाईत ते वाक्य ऑकेंडननी दोनदा वाचलं होतं. दुसऱ्यांदा वाचायचं काही कारण नव्हतं.

चिठ्ठी त्यांनी आठवडाभर पारखली. भिंगाखाली शाई पाहिली. कागद उजेडासमोर धरला, तेव्हा मागून काहीतरी छापलेलं उलटं दिसलं. लोकरीच्या दरांची यादी असावी. त्यात नवल नव्हतं. हौशी वाचक हाताला येईल तो जुना कागद कापून चिठ्ठ्या करत. मागच्या बाजूला कधी चर्चच्या गाण्यांची यादी असे, कधी खाटकाचं बिल. १९१० साली एका चिठ्ठीच्या मागं एका पाद्र्यानं शेजारणीला लिहिलेल्या प्रेमपत्राचा तुकडा निघाला आणि कारकुनांनी तो मोठ्यानं वाचून दिवसभर खिदळणं चालवलं. पुढच्या वर्षी ऑकेंडननी कचेरीसाठी नियम केला: चिठ्ठीची मागची बाजू कुणीही वाचू नये. त्याच वर्षी हौशी वाचकांसाठी सूचनांचं चोपडं छापलं, तेही त्यांनीच लिहिलं होतं. त्यातला सातवा नियम त्यांच्या अभिमानाचा: 'पानाच्या माथ्यावर असेल तीच तारीख लिहावी. अंदाज करू नये. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूवर स्वतःचं मत घालू नये.'

चिठ्ठी पाकिटात घालून, पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवून ते मंगळवारी निघाले आणि बुधवारी दुपारी बाराला थॉर्नबेकच्या स्टेशनवर उतरले.

स्टेशनातून गावात यायला एकच रस्ता. त्यावर पहिली इमारत वुलपॅकची. आत खाणावळवाला एनॉक मेटकाफ फडक्यानं एक ग्लास पुसत उभा होता. शेकोटीपाशी एक म्हातारा होता, त्यानं पाहुण्याची छत्री पाहिली आणि खुर्ची किंचित दुसरीकडं वळवली.

"खायला काय आहे?"

"सँडविच," मेटकाफ म्हणाला.

ऑकेंडननी त्याच्याकडं रोखून पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "कशाचं?"

"हॅमचं. दुसरं काही पाहिजे असेल तर लीड्सला मिळतं."

सँडविच चांगलं होतं. ऑकेंडननी अर्धं संपवलं, बिअरचा घोट घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "या खाणावळीचं एक जुनं दप्तर आहे म्हणे. १७०९ सालचं."

मेटकाफ पुसून झालेला ग्लास पुन्हा पुसायला लागला. "दप्तर? इथं? इथं कुणी वाचणारा आला तर आम्ही त्याला चर्चचा रस्ता दाखवतो."

"मिस हेगार्थनी ते पाहिलंय."

"कोण मिस हेगार्थ?"

"लोकरीचं दुकान आहे त्यांचं."

"असेल. मी विणत नाही."

खिडकीच्या काचेतून समोरचं दुकान दिसत होतं. पाटीवर हातभर अक्षरांत 'हेगार्थ, लोकर व बटणं' असं लिहिलेलं. ऑकेंडननी पाटी पाहिली, मग मेटकाफला पाहिलं. मेटकाफनंही पाटी पाहिली आणि म्हणाला, "अच्छा. ती होय."

शेकोटीजवळचा म्हातारा खोकला. तो हसणं लपवत होता, की खरंच खोकत होता, ते ठरवता आलं नाही.

दप्तर नाही; असलं तरी खाणावळवाल्याला माहीत नाही; आणि माहीत असलं तर तो खोटं बोलतोय. ऑकेंडननी मनाशी नोंद केली. अहवालाचं पहिलं वाक्य तयार झालं. त्यांनी दहा शिलिंगची नोट पुढं केली. मेटकाफनं ती उजेडासमोर धरली.

"लंडनची का?"

"नोटा सगळ्या लंडनच्याच असतात."

"तेच म्हणतोय मी." त्यानं नोट परत दिली. "सुटे नाहीत. सात पेन्स झाले. जाताना द्या. स्टेशनला दुसरा रस्ता नाही, पाहुणे." आणि मागच्या पाटीवर त्यानं खडूनं लिहिलं: 'छत्रीवाला, ७.'

दुकानात गेल्यावर घंटी वाजली. काउंटरमागच्या बाई साठीच्या पुढच्या, उंच, नाकावर चष्मा. भिंतीला लागून लोकरीच्या टोपल्यांची रांग. बाईंनी आधी बूट पाहिले, मग छत्री, मग चेहरा.

"मिस हेगार्थ? मी कोश-कचेरीतून आलोय. ऑकेंडन."

"ऑकेंडन वारले असतील," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माझा आपला तसा समज. पंचवीस वर्षं झाली. जिवंत माणूस इतका गप्प बसत नाही."

बोलण्याला फाटे फोडून मूळ मुद्दा टाळणारी माणसं ऑकेंडननी पुष्कळ पाहिली होती. "मी ऑकेंडनच आहे. मला वुलपॅकचं दप्तर बघायचंय."

"कुठलं दप्तर?"

"ज्यातून तुम्ही चिठ्ठी लिहिलीत ते."

"मागच्या महिन्यात एक साहेब आले होते," बाई लोकर गुंडाळत म्हणाल्या. "त्यांनाही दप्तर बघायचं होतं. बिअरच्या कंपनीनं खाणावळ घेतल्यापासून त्यांची माणसं येतात. घड्याळ बघायला मागितलं, ते नेलं. शेकोटीची जाळी बघायला मागितली, ती नेली. म्हणे मालकांच्या दिवाणखान्यात शोभेल. त्या साहेबांकडंही छत्री होती."

"छत्री लंडनमध्ये सगळ्यांकडं असते."

"म्हणूनच आम्ही छत्रीवर विश्वास ठेवत नाही."

मेटकाफचा पुसून पुसून झिजलेला ग्लास ऑकेंडनच्या डोळ्यांपुढं आला. या उत्तरात थोडा अर्थ होता. पण कारण पटण्यासारखं असणं म्हणजे ते खरं असणं नव्हे. राजानं मांसाला पदवी दिली हेही पटण्यासारखंच होतं. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून चिठ्ठी काढली आणि दोन बोटांत धरून बाईंना दाखवली.

"ही तुमची?"

बाईंचे हात थांबले. चिठ्ठी पाहताच त्यांचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. बिअरच्या कंपनीकडं ही चिठ्ठी असणं शक्य नव्हतं. त्यांनी हात पुढं केला. ऑकेंडननी चिठ्ठी मागं घेतली.

"माफ करा. हा पुरावा आहे."

"पुरावा? कशाचा?"

"तेच ठरवायला आलोय."

बाईंनी लोकर खाली ठेवली.

"म्हणजे मी खोटं लिहिलं असं तुम्हाला वाटतं."

"तसं मी म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीत. भाडं खर्चून आलात."

"मिस हेगार्थ, ही चिठ्ठी टिकली नाही तर तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि तुमचं नाव कोशातून निघेल. म्हणून टपालावर न सोडता मी स्वतः आलो. हे वाक्य मला त्या दप्तरात बघायचंय. नसेल तर तसं सांगा."

"एकतीस वर्षं," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दुकान बंद केलं की मी त्या टेबलाशी बसते. माझ्या बहिणीला चार मुलं आहेत, तिच्याकडं ती आहेत. माझ्याकडं हे आहे. एका ओळीवरून तुम्ही ते सगळं काढणार?"

"ओळ खोटी असेल तर."

"चिठ्ठी नीट वाचलीत का?"

"वीसेक वेळा तरी."

"मागून?"

ऑकेंडन म्हणाले, "मागची बाजू आम्ही वाचत नाही."

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. एखाद्या माणसानं शांतपणे सांगावं, की आम्ही पत्रं घेतो पण पाकीट फोडत नाही, तसं त्यांना वाटलं असावं.

"कुणीच नाही?"

"तसा नियम आहे. मागं लोकांचं खासगी असतं. बिलं, पत्रं."

"तुमच्या चोपड्यात लिहिलंय, मत पुढच्या बाजूवर घालू नये. मग मत कुठं घालायचं? मला वाटलं, मागच्या बाजूवर. चोपडं निघायच्या आधीही पहिली सहा वर्षं मी मागंच प्रश्न लिहायची आणि तिकडून उत्तर यायचं. पार्जिटर म्हणून कुणी होते. सुरेख अक्षर. मग १९११पासून नुसतं छापील कार्ड, खाली तुमचं नाव. 'चिठ्ठी मिळाली. आभार.' मी म्हटलं, नवा माणूस घमेंडखोर असेल. मग म्हटलं, आजारी असेल. मग म्हटलं, गेला असेल. कुणी वाचतच नाही, असाही संशय यायचा. पण तसं असेल तर मी इतकी वर्षं कुणासाठी लिहितेय, असा प्रश्न पडायचा. म्हणून तो संशय मी बाजूला ठेवला." त्यांनी बोटानं दाखवलं. "उलटा ती. माझ्या हातात नका देऊ. तुमचा पुरावा तुम्हीच उलटा."

पंचवीस वर्षांत ऑकेंडननी एकही चिठ्ठी उलटली नव्हती. बोटांना ती हालचाल परकी वाटली. मागं लोकरीच्या दरांची छापील यादी होती आणि छापील ओळींच्या मधल्या जागेत पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'पानाच्या माथ्यावर १७०९ आहे, म्हणून नियम सातप्रमाणे तेच घातलं. परंतु ही ओळ त्या हातची नसावी. शाई तपकिरी आहे, अक्षर बाईचं वाटतं. पानाखालच्या कोऱ्या जागेत कुणीतरी मागाहून लिहिलं असावं, बहुधा साठ-सत्तर वर्षांनी. कृपया तपासावं. हे कुणी वाचत असेल तर एक ओळ कळवावी.'

ऑकेंडननी ते वाचलं. पुन्हा वाचलं. या वेळी दुसऱ्यांदा वाचायला कारण होतं.

मिस हेगार्थनी दुकानाला आतून कडी घातली. तिसऱ्या टोपलीतल्या करड्या लोकरीखालून एका जुन्या शालीत गुंडाळलेलं, चामड्याच्या पुठ्ठ्याचं, पाव जितका जाड असतो तितकं जाड दप्तर काढलं. एनॉकनं ते त्यांच्याकडं लपवायला दिलं होतं. सगळ्या गावाला ते कुठं आहे ते माहीत होतं आणि बाहेरच्या कुणालाही माहीत नव्हतं.

दप्तर पाहताच गोष्ट उघड झाली. १७०९चा मालक पानाच्या माथ्यावर तारीख घालून वरच्या अर्ध्यात चार ओळी लिही आणि खालचं अर्धं पान कोरं सोडी. कागद महाग; पुढच्या पिढ्यांना ती कोरी जागा सोडवेना. मालकाच्या नातवाची विधवा, हॅना नावाची, हिनं तीच कोरी जागा वापरली. दप्तर संपलं तिथं शेवटच्या पानावर तिनं सही केली होती आणि सालही घातलं होतं: १७७४. तीच तपकिरी शाई, तेच उजवीकडं झुकलेलं अक्षर. तोवर सँडविच हा शब्द लंडनहून गाडीरस्त्यानं थॉर्नबेकला येऊन पोचायला बारा वर्षं मिळाली होती.

तरी ऑकेंडननी तासभर तपासलं. पानं शिवलेली आहेत का, मधलं एखादं चिकटवलंय का, कागदातली छाप सारखी आहे का. बाई शेजारी उभ्या राहून भिंगाच्या कडेनं बघत होत्या.

"माझ्या अक्षराचा नमुनाही घ्यायचा का?" त्यांनी विचारलं.

"नको. तो माझ्याकडं चार हजार तीनशे ऐंशी वेळा आहे."

"संशय फिटला?"

"दप्तराबद्दल फिटला." त्यांनी भिंग मिटलं. "आणखी किती चिठ्ठ्यांच्या मागं लिहिलंय तुम्ही?"

"शंका आली तिथं."

"म्हणजे किती?"

"मला शंका फार येतात, मिस्टर ऑकेंडन."

चारची गाडी गाठायला ते निघाले तेव्हा वुलपॅकचं दार बंद होतं. तीन ते सहा खाणावळ बंद ठेवायचा कायदाच होता. त्यांनी दार ठोठावलं. आतून मेटकाफचा आवाज आला, "बंद आहे. छत्रीवाल्यांना तर जास्तच बंद."

शुक्रवारी सकाळी ऑकेंडन कचेरीत आले आणि हेगार्थ नावाचे सगळे खोके त्यांनी स्वतः खाली काढले. मदत घेतली नाही. सतरा दिवस ते चिठ्ठ्या उलटत होते. एक हजार एकशे त्रेसष्ट चिठ्ठ्यांच्या मागं पेन्सिलीचं अक्षर निघालं. काहींत इशारे होते: इथं छापणाऱ्याची चूक वाटते; हे पान दुसऱ्या पुस्तकातून आलं असावं. त्यांतल्या नऊ शब्दांच्या तारखा कोशाच्या आधीच्या खंडांत चुकीच्या छापून गेल्या होत्या. नऊही ठिकाणी मागच्या बाजूला बाईंनी आधीच सावध केलेलं होतं. नऊही ठिकाणी पुढच्या बाजूवर ऑकेंडनची तपासल्याची खूण होती.

बाकीच्या नुसत्या शंका आणि गप्पा होत्या. १९१९ची एक: 'क्लू म्हणजे मुळात दोऱ्याचा गुंडा, चक्रव्यूहातून बाहेर यायला धरून चालायचा, असं वाचलं. खरं का? आमच्याकडं म्हाताऱ्या बाया अजून लोकरीचा गुंडा मागताना क्लूच म्हणतात. मी दिवसाला वीस विकते, मला एकही रहस्य उलगडलेलं नाही.' १९२४ची: 'गॉसिप म्हणजे आधी धर्मआई किंवा धर्मबाप, म्हणे. माझी धर्मआई दोन्ही अर्थांनी होती. ही नोंद चालेल का?'

तीस मार्चला त्यांनी अहवाल डॉ. हॅलमच्या टेबलावर ठेवला. सव्वा पान. सँडविचची पहिली नोंद १७६२ हीच कायम. थॉर्नबेकची नोंद १७७४च्या सुमाराची. मिस हेगार्थ यांची चिठ्ठी नियमानुसार लिहिलेली. चूक कचेरीच्या नियमात. नियमाचा कर्ता: वॉल्टर ऑकेंडन. साल: १९११. खाली नऊ शब्दांची यादी. प्रस्तावनेतलं तपासणीबद्दलचं वाक्य वगळावं, अशी शिफारस.

डॉ. हॅलमनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला. "नियम कुणी केला हे लिहायलाच हवं का? तीन महिने राहिलेत तुमचे."

"तारीख आणि कर्ता नसेल तर आपण चिठ्ठी घेत नाही," ऑकेंडन म्हणाले.

"बाईंना पंचवीस वर्षं उत्तर नव्हतं. त्या काय म्हणाल्या?"

"मी वारलो असेन असं म्हणाल्या."

"आणि तुम्ही?"

"मी नाकारलं. पुरावा देता आला नाही."

दुसऱ्या दिवशी खंड छापायला गेला. मिस डॉर्कस हेगार्थ यांचं नाव आपल्या जागी होतं. ते वाक्य नव्हतं.

उरलेले तीन महिने ऑकेंडननी रोज दुपारी दोन तास उत्तरं लिहिली. सगळ्यात जुन्या शंकेपासून, क्रमानं. सुरुवातीची पत्रं कोरडी होती: खरं, खोटं, पुरावा नाही. मेच्या सुमारास ती जरा लांबली. विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा हे खरं. लॉर्ड म्हणजे मुळात घरातला पाव राखणारा, तेही खरं. सरलॉइनची गोष्ट खोटी, आणि ती कुणी कुणाला सांगितली तेही त्यांनी लिहिलं. हे त्यांनी आजवर कॉन्स्टन्सला सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. मिस हेगार्थनी उलट टपाली कळवलं, की त्यांच्या वडिलांनीही तीच गोष्ट सांगितली होती, फक्त राजा वेगळा होता. दोन राजे निघाले म्हणजे गोष्ट नक्की खोटी, असं ऑकेंडननी लिहिलं. मला तुमचा वेगळा संशय येतोय, बाईंचं उत्तर आलं, की तुम्हाला ती खरी असावीशी वाटत होती.

त्या पत्राला त्यांनी तीन दिवस उत्तर दिलं नाही. मग पुढची शंका घेतली.

तीस जूनला ते निवृत्त झाले तेव्हा चारशे बारा उत्तरं गेली होती. बाकीच्या चिठ्ठ्यांच्या नकला करून न्यायची परवानगी डॉ. हॅलमनी दिली आणि ऑकेंडनच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर ते काम चालू राहिलं. कॉन्स्टन्स म्हणाली, की चाळीस वर्षांत पहिल्यांदाच घरात कुणीतरी प्रश्नाचं उत्तर देताना तिला दिसतंय.

जुलैत त्यांनी मेटकाफच्या नावे सात पेन्सची पोस्टल ऑर्डर धाडली. आठ दिवसांनी ती मिस हेगार्थच्या पत्रातून परत आली. सोबत एनॉकचा निरोप होता: लंडनचा कागद घेत नाही; स्वतः येऊन द्या; तोवर पाटीवर राहील.

सात पेन्स अजून द्यायचे आहेत.